जिभेचा रकाना

तेवीस ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव. रक्कम सात रुपये. हजर तिघे: सर, प्रयोगशाळेतले मामा आणि मी.

अमरावतीच्या कॉलेजात आमचं संख्याशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. कडुनिंबाची चाळीस पानं मोजायची आणि त्यांची लांबी मिलिमीटरमध्ये लिहायची. मी तेहतीस मोजली. मग बसची वेळ झाली, म्हणून उरलेली सात मनानेच लिहिली. सरांनी वही हातात घेतली, वरून खाली एकदा पाहिली आणि शेवटच्या सात आकड्यांवर पेन्सिल ठेवली.

"हे कोन्या झाडाचे हायेत?"

"त्याच झाडाचे, सर."

"पोट्ट्या, पहिल्या तेहतीसमंदी आठ आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. या सातात एकबी नाही. आन सातही कसे सरासरीच्या आजूबाजूले गुपचूप बसले हायेत पाय. खरे आकडे असे शिस्तीत बसत नसतात."

मी कबूल केलं. सरांचा नियम ठरलेला होता: बनवलेल्या प्रत्येक आकड्याला एक रुपया दंड. तो बिस्किटाच्या डब्यात टाकायचा आणि महिनाअखेरीस डब्यातला पैसा मामांच्या चहाला जायचा. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. त्यांनी डबा पुढे केला आणि मला हळूच म्हणाले, "देऊन टाक बापू. या महिन्यात चहाची बोंबच हाये."

पैसे टाकल्यावर मला वाटलं, आता सातही पानं पुन्हा मोजावी लागणार. सरांनी ते सांगितलं नाही. सातही आकड्यांवर रेघ मारायला लावली आणि समोर नुसती आडवी रेघ ओढायला लावली. म्हणाले, "रिकामी जागाबी नोंदच असते. तू मोजलं नाही, एवढं तर खरं हाये ना? तेवढंच लिही."

ती वही माझ्याकडे अजून आहे. मी कागद टाकत नाही.

सर 'अंदाजे' हा शब्द वापरत नसत. किती आणि किती इकडेतिकडे, असं दोन आकड्यांत बोलायचे. घरी पाहुणे येणार असले आणि काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, विचारलं, किती जण, तर म्हणायचे, "पाच, अधिक-उणे एक." काकू सहा जणांचा स्वयंपाक करत. चौघेच आले तर दोघांचं उरलेलं अन्न रात्री सरांना खावं लागे, आणि ते तक्रार न करता खात. एकदा मला त्यांनी बसस्टँडवर बोलावलं. "चार वाजून दहा मिनटाले येतो, अधिक-उणे पंधरा." ते चार पंचविसाला आले आणि घड्याळ माझ्यासमोर धरून म्हणाले, "हद्दीत हावो."

निवृत्तीनंतर त्यांनी विहिरींचं काम काढलं. अकोला आणि अमरावतीच्या मधून पूर्णा नदी जाते. तिच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे: वर काळी कसदार जमीन आणि खाली खारट पाणी. पण सगळीकडे सारखं खारट नाही. एका शेतातलं पाणी माणूस पितो आणि दोन धुरे, म्हणजे शेताचे बांध, ओलांडले की गुरंही तोंड लावत नाहीत. नवी विहीर किंवा बोअर कुठे घ्यावी, हे ठरवताना लोक नारळ फिरवतात. सरांना तिथे आकडे फिरवायचे होते.

त्यांची पद्धत त्यांनी मला बाळापूरच्या बसमध्ये समजावली होती. "जिथं विहीर नाही तिथलं पानी कसं निघन? आजूबाजूच्या विहिरीईले इचारायचं. जवळचीचं जास्त आयकायचं, दूरचीचं कमी. पन किती कमी, हे मनानं नाही ठरवायचं. तेबी विहिरीईलेच इचारायचं." एवढंच त्यांचं शास्त्र, आणि त्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम चार हजार ओळींचा.

मी तोपर्यंत अकोल्याला एका बियाणं कंपनीत आकडेवारीच्या कामाला लागलो होतो. अकरा वर्षं जमेल त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर विहिरींवर गेलो. माझं काम वही धरायचं.

विहिरीवरचा क्रम कधी बदलत नसे. पिशवीतून स्टीलचा पेला निघायचा. घरून आणलेल्या पावसाच्या पाण्याने सर दोनदा खळखळून चूळ भरायचे. मग विहिरीचं पाणी तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे, डाव्या बाजूला थुंकायचे आणि शून्य ते पाचमधला एक आकडा मोठ्याने सांगायचे. शून्य म्हणजे गोड पाणी, पाच म्हणजे तोंडात धरवत नाही. मी तो आकडा पेनाने लिहिला, की मगच गळ्यातल्या काळ्या दोरीला बांधलेलं क्षार मोजायचं मीटर पाण्यात बुडायचं. आधी जीभ, नंतर मीटर. उलट कधी नाही.

"मीटरचं आयकलं का जीभ लाचार होते," ते म्हणायचे.

विहिरीवर जायच्या दिवशी सरांना सकाळपासून चहा नाही, सुपारी नाही. आमच्याकडे दारी आलेल्याला गूळ-पाणी देतात. शेतकऱ्याची बायको गुळाचा खडा घेऊन यायची आणि सर हात जोडायचे. "बाई, गूळ मंग. पयले तुमचं पानी." काम झालं की तोच खडा मागून घ्यायचे आणि लहान मुलासारखा चोखत बसायचे. तिवश्याजवळच्या एका बाईने खडा परत नेला आणि दिलाच नाही, तर सरांनी घरात जाऊन आठवण केली होती. "बाई, माहा गूळ राह्यला."

मी त्यांना एकदा विचारलं, "मीटर असताना जीभ कशाला?"

"कोन्या शेतकऱ्याच्या घरी मीटर हाये? मानूस जिभीनंच पानी सोडते आन जिभीनंच पिते. आन मीटर फक्त किती मीठ हाये ते सांगते, कोनतं मीठ हाये ते नाही सांगत."

हिशेब असा होता की चार विहिरींमागे एका विहिरीवर जीभ आणि मीटर यांचं जुळत नसे. मीटर म्हणे दोनाचं पाणी, जीभ म्हणे चार, कारण पाणी कडू असायचं. सरांचा जीव त्या न जुळणाऱ्या विहिरींवर होता. खरं ते तिथे शिकायला मिळतं, असं त्यांचं मत होतं. नकाशावर अशा विहिरी ते लाल शाईने भरत.

चारशे बारा विहिरी झाल्यावर त्यांनी मला घरी बोलावलं आणि सांगितलं, "हे आता माह्या कंप्यूटरच्या भायेर गेलं पायजे. मी मेल्यावर ह्या डब्ब्याले तुमची काकू भंगारात देईन."

"आधीबी देईन," काकू आतून म्हणाल्या.

जगभरचे लोक आकडेवारीची पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यालाही वापरता येतील असे बांधलेले प्रोग्रॅम, जिथे ठेवतात असं इंटरनेटवर एक खुलं भांडार आहे. तिथून कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. सरांना आपलं काम तिथे हवं होतं. पण प्रोग्रॅम लिहिणं वेगळं आणि पॅकेज बांधणं वेगळं. काकूंना आपल्या स्वयंपाकघरातले डबे अंधारातही सापडतात. परक्या बाईला तिथे स्वयंपाक करायला लावायचा तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी. सरांच्या प्रोग्रॅमला चिठ्ठी नव्हती. फायलींची नावं 'बाळापूर पक्कं', 'बाळापूर पक्कं दोन', 'हेच खरं' अशी. प्रत्येक ओळ त्यांच्याच कंप्यूटरमधल्या एका फोल्डरकडे बोट दाखवणारी. ज्या दोन जुन्या पॅकेजांच्या आधाराने ते नकाशे काढत, ती दोन्ही बंद पडलेली.

ते सगळं नीट लावायला मला सात महिने लागले. रोज कंपनीतून आल्यावर दीड तास. प्रत्येक आज्ञेचं मदतीचं पान, प्रत्येक पानावर चालणारं उदाहरण, प्रत्येक उदाहरणाची चाचणी. सरांच्या एका आज्ञेचं नाव होतं 'काहून', म्हणजे आमच्याकडचं 'का'. अंदाज आला की ती चालवायची. मग कोणत्या विहिरीचं किती ऐकलं, याची यादी ती देई. मी म्हटलं, सर, बाहेरच्यांना हे नाव कळणार नाही. ते म्हणाले, "त्याईले शिकू दे एक शब्द."

नव्या पद्धतीने पहिला नकाशा काढला, तेव्हा अक्षांशाच्या जागी रेखांश गेले आणि आमच्या चारशे बारा विहिरी नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात जाऊन पडल्या. मी घाबरून फोन केला. सर बराच वेळ हसत होते. "तिथं पानी खारंच हाये ना? मंग अंदाज तर बरोबर आला!"

पॅकेजात नमुन्याची माहिती म्हणून सगळ्या विहिरी जाणार होत्या. त्यात एक रकाना 'जीभ' नावाचा. सरांना सगळ्यात जास्त अभिमान त्याचाच. म्हणायचे, मीटरचे आकडे जगात ढिगाने सापडतील, एकाच जिभेने एकोणीस वर्षं चाखलेलं पाणी कुठे सापडत नाही.

त्या रकान्याचं मदतीचं पान लिहिताना मी वर्षवार एक तक्ता काढला: किती विहिरी, आणि त्यांत किती ठिकाणी जीभ आणि मीटर जुळले नाहीत. दर वर्षी चारास एक, थोडं इकडे, थोडं तिकडे. शेवटच्या वर्षी अडतीस विहिरी, आणि न जुळलेल्या शून्य.

मी तक्ता तीनदा काढला. माझीच चूक असेल असं वाटलं होतं. नव्हती.

मग मला बाळापूरकडची एक विहीर आठवली. त्या शेवटच्या वर्षी सर बहुतेक एकटेच जायचे. "तुह्या पोरीची परीक्षा हाये, तू नोको येऊ," असं काहीतरी सांगायचे. एकदाच मी गेलो होतो. घरातल्या बाईने गूळ-पाणी आणलं आणि सरांनी गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. आधी. मग माझ्याकडे पाठ करून विहिरीच्या कठड्याशी उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "तीन." मी तीन लिहिलं. वय झालं, विसरले, असं मनात म्हणालो होतो.

दोन आठवडे मी काही केलं नाही. भांडाराकडे पॅकेज पाठवायचं तेवढं राहिलं होतं. गप्प राहिलो असतो तर जगात कोणाला कळलं नसतं. पण पॅकेजची देखरेख करणाऱ्याच्या जागी सरांनी न विचारता माझं नाव घातलं होतं. उद्या कोणी विचारलं की हे आकडे खरे आहेत का, तर उत्तर मला द्यायचं होतं. आणि सरांना विचारावं, तर ज्या माणसाने मला आकडा म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्यासमोर त्याच्याच आकड्यांवर पेन्सिल ठेवावी लागणार होती. बायको म्हणाली, "जाऊन या. तुम्हाला जेवण जात नाहीये." मी पिशवीत तक्ता घेतला, जुनी वही घेतली आणि रविवारी सकाळच्या बसने अमरावतीला गेलो.

सर ओसरीत बसले होते. मी तक्ता त्यांच्या हातात दिला. काय सांगायचं ते बसमध्ये जुळवून ठेवलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. त्यांची नजर शेवटच्या ओळीवर थांबली. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडायला लागले. चारात तीन वेळा जुळतं; सलग अडतीस वेळा जुळायची शक्यता किती? एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, पण त्यांनी लॉगॅरिथमने पूर्ण केलं.

"छप्पन हजारात एक," ते म्हणाले. "सापडलो बे."

मी म्हटलं, "काहून, सर?"

"दोन वर्षांमागं ताप आला होता, त्यात चव गेली. वाटलं महिन्यानं येईन, दोन महिन्यानं येईन. नाहीच आली. अडतीस विहिरी राहल्या होत्या. तुले सांगितलं असतं तर तू म्हनला असता, सर, आता थांबा." त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "मले थांबाचं नोतं."

आतून काकू ताट घेऊन आल्या. भाकर आणि वांग्याचं भरीत. सरांनी घास घेतला आणि नेहमीसारखं म्हणाले, "फस्क्लास."

काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "दोन वर्षं झाले, फस्क्लासच म्हनून राहिले. मागच्या दिवाळीपासून मी याईच्या ताटात मीठ कमी टाकते, डॉक्टरनं सांगितलं म्हनून. कधी विचारलं नाही, मीठ काहून नाही."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"तुमी सांगसान म्हनून वाट पाहून राहिली होती."

सर भरीत पुढ्यात घेऊन बसले होते. मग त्यांनी ताट सरकवलं.

"काढून टाक," ते मला म्हणाले. "सगळा रकानाच काढून टाक. एकोनीस वर्षांची जीभ काढ. एकदा खोटं लिहिलं का मंग पयलचं कोनं खरं मानावं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण मला त्या क्षणी खरी भीती वाटली. तीनशे चौऱ्याहत्तर विहिरींचं चाखलेलं पाणी, त्यातले बरेच आकडे मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेले, आणि ते पुसायचे माझ्याच हाताने.

मी पिशवीतून वही काढली. कडुनिंबाच्या पानांचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. तेहतीस आकडे, खाली सात खोडलेले, आणि त्यांच्यासमोर सात आडव्या रेघा. खाली सरांची सही आणि गुण: दहापैकी सात.

"जपून ठेवली?"

"सात रुपये लागले होते, सर."

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बोटाने एकेक रेघ मोजल्यासारखं करत खाली गेले.

"तेव्हा तुम्ही तेहतीस तसेच ठेवले," मी म्हटलं. "पूर्ण पान फाडायला लावलं नाही."

"तू पोट्टा होता."

"आकड्याला वय असतं का, सर?"

काकू म्हणाल्या, "आता जेवा दोघंबी. भरीत थंड होऊन राहिलं." आणि सरांच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने ओलं खोबरं आणि शेंगदाणे वाढले. चव नसली तरी दाताला कळावं म्हणून असेल.

जेवणानंतर सरांनी मला मदतीच्या पानाची ओळ सांगितली. मी शब्दाला शब्द लिहून घेतली: 'शेवटच्या अडतीस विहिरींसमोर जिभेची जागा रिकामी आहे. नोंद घेणाऱ्याची चव गेली होती. या जागी त्याने आधी मीटरवरून बनवलेले आकडे भरले होते. ते काढले आहेत.' मी म्हटलं, शेवटची दोन वाक्यं नसली तरी चालेल. ते म्हणाले, "पयले दोन नसले तरी चालन."

भांडाराकडून आठ दिवसांत उत्तर आलं. तिकडे कोणी स्वयंसेवक तपासतो. त्याने दोन शंका विचारल्या होत्या: एका उदाहरणाला वेळ फार लागतो, आणि जीभ या रकान्याचं एकक काय? पहिलं मी दुरुस्त केलं. दुसऱ्यासाठी सरांना फोन केला. ते म्हणाले, "लिही, एक मानूस." मी तसंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी पॅकेज भांडारात लागलं. सरांनी आवृत्तीचा आकडा एकपासून धरू दिला नाही, शून्य पूर्णांक नऊ ठेवायला लावला. पूर्ण झालं असं कोणी म्हणायचं कारण नाही, म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी सर म्हणाले, वलगावला जायचं. मामा निवृत्तीनंतर तिथे राहतात. मुलाबरोबर झेंडू आणि मेथी करतात, अमरावतीच्या बाजारात विकतात. आम्ही रिक्षाने गेलो. मामा झेंडूच्या वाफ्यातून वर आले, हात धोतराला पुसले, आणि सरांच्या पाया पडायला वाकले तर सरांनी खांद्याला धरलं.

"मामा, डब्बा हाये का तो?"

"कोनता डब्बा जी?"

"दंडाचा."

"तो कॉलेजातच राह्यला. काहून? या साहेबानं पुन्हा पानं बनवली का?" मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एकतीस वर्षांनी.

"यानं नाही," सर म्हणाले.

मामांच्या सुनेने गूळ आणि पाणी आणून ठेवलं. पाणी त्यांच्याच विहिरीचं. सरांनी गुळाला हात लावला नाही. पिशवीतून पेला काढला, पावसाचं पाणी काढलं, दोनदा चूळ भरली. मग विहिरीचं पाणी तोंडात घेऊन डोळे मिटले. मी सवयीने वही उघडली होती. चारशे तेरावी विहीर. बराच वेळ गेला. मामा माझ्याकडे बघत होते, मी सरांकडे. त्यांनी डाव्या बाजूला थुंकलं आणि डोळे उघडले.

"रिकामं लिही," ते म्हणाले.

मी आडवी रेघ ओढली. मग मीटर बुडवलं आणि त्याचा आकडा लिहिला. सरांनी गुळाचा खडा मागून घेतला आणि चोखत बसले.

निघताना त्यांनी पैसे काढले. मामा घेईनात. "तुमच्या पैशाचा च्या मी कसा पिऊ जी?" सर म्हणाले, नियम म्हणजे नियम. शेवटी मामांनी ओंजळ पुढे केली. दहाच्या तीन नोटा, पाचाचं एक नाणं, एकाची तीन. अडतीस रुपये रोख, मामांना दिले. देणारे सर. हजर तिघे, तेच.